वाचकांचे प्रश्न : रोजची गाडी आणि मनातली गाडी

मागील अंकात आम्ही वाचकांना दोन साधे प्रश्न विचारले होते: आपण रोज कोणती गाडी चालवता, आणि कोणती चालवावी असे मनापासून वाटते? आलेल्या पत्रांत पहिल्या प्रश्नाची बहुतेकांनी एका ओळीत बोळवण केली आहे, तर दुसऱ्या प्रश्नासाठी काहींनी कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या आहेत. त्यावरून रोजची गाडी कोणाला आवडत नाही असे समजू नये. जी सकाळी किल्ली फिरवताच सुरू होते आणि संध्याकाळी घरी आणून सोडते, तिच्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे घडतच नाही. ज्या पत्रांत एखादा निर्णय घ्यायचा आहे किंवा घरात वाद चालू आहे, अशी काही पत्रे येथे निवडली आहेत.

प्रश्न : गेली अकरा वर्षे मी एकच लहान हॅचबॅक चालवतो. इंजिन ८२ अश्वशक्तीचे, रोजचा जाऊन-येऊन प्रवास ३४ किलोमीटरचा, आणि तक्रार म्हणाल तर काहीही नाही. पण शाळेत असल्यापासून डोळ्यांसमोर पोर्शे ९११ आहे आणि आता ती घेण्याची ऐपत आली आहे. घ्यायचीच तर ती रोज चालवावी, असे मला वाटते. घरचे याला वेडेपणा म्हणतात. आपले मत काय?

उत्तर : वेगवान गाड्यांमध्ये रोजच्या वापराला त्यातल्या त्यात सोसणारी एखादी असेल, तर ती ९११ च होय, म्हणून घरच्यांचे म्हणणे मी अर्धेच मान्य करतो. ही गाडी १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ‘९०१’ या नावाने मांडली गेली. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे शून्य जाऊन तेथे एक आला. सहा सिलिंडरचे बसके इंजिन मागच्या चाकांच्याही पाठीमागे ठेवल्यामुळे सामानाची जागा पुढच्या बॉनेटखाली गेली आणि मागे दोन छोटी आसने बसवता आली, ज्यांवर मोठ्या माणसाला फार वेळ बसवत नसले तरी दप्तर, पिशवी किंवा लहान मूल सहज मावते. काचा मोठ्या आहेत, पुढचे दोन्ही मडगार्ड चालकाला बसल्या जागेवरून दिसतात, आणि अरुंद जागेत गाडी घालताना या दिसण्याचा किती आधार वाटतो हे ज्याने तोफेच्या नळीसारखी काच असलेली गाडी मागे घेतली आहे त्याला विचारावे. जुन्या ९११ मध्ये भर वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला की मागची बाजू बाहेर फेकली जात असे, ही तिची प्रसिद्ध खोड. रुंद टायर, सुधारलेले सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यांनी ती आता जवळजवळ मोडली आहे.

मात्र दुसरा अर्धा भाग हिशोबाचा आहे, आणि तो आपण एकदा कागदावर मांडावा. साधारण बांध्याची, चौदाशे किलो वजनाची गाडी सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना, ताशी ५० किलोमीटर वेगाने नुसती चालती ठेवण्यासाठी चाकांपाशी सुमारे ४ अश्वशक्ती पुरते. ताशी १०० किलोमीटरला हा आकडा सोळा-सतरापर्यंत जातो. ताशी २०० ला मात्र तो शंभराच्या घरात पोहोचतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. बुगाटी व्हेरॉनला ताशी ४०० किलोमीटर ओलांडण्यासाठी १००१ अश्वशक्तीचे इंजिन आणि त्याची उष्णता काढून घेण्यासाठी दहा रेडिएटर लागले, ते या घनापायीच. तेव्हा रोजच्या ३४ किलोमीटरांत आपण आपल्या हॅचबॅकमधल्या ८२ घोड्यांपैकीही बहुतेकांना तबेल्यातच बांधून ठेवता. चढ, ओव्हरटेक आणि सिग्नल सुटल्यावरचा पिकअप एवढ्यापुरते ते बाहेर येतात. जे चारशे घोडे आपण विकत घेणार आहात, त्यांचा एकत्रित उपयोग दिवसाकाठी आठ-दहा सेकंद झाला तरी तो दिवस भाग्याचा म्हणावा लागेल.

याउलट काही गोष्टी मात्र रोज, न चुकता, वाट्याला येतील. टायरच्या बाजूवर लिहिलेले आकडे वाचून पाहा. १८५/६५ याचा अर्थ टायरची रुंदी १८५ मिलिमीटर आणि रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. वेगवान गाडीच्या पुढच्या चाकावर २४५/३५ असे लिहिलेले असते. तेथे ही उंची ८६ मिलिमीटर भरते. खड्डा आणि रिम यांच्यामध्ये असलेली जवळजवळ साडेतीन सेंटिमीटरची गादी आपण काढून टाकता, आणि मग रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्याला कळतो. गतिरोधक तिरक्या चालीने, एकेक चाक चढवत ओलांडावा लागतो, आणि मागून येणारा हॉर्न वाजवत असला तरी ही शिस्त सोडता येत नाही. एकदा पुढचा बंपर खालून घासल्याचा आवाज ऐकला की पुढचे आठ दिवस माणूस रस्त्याकडे न पाहता रस्त्याच्या उंचवट्यांकडे पाहत गाडी चालवतो.

मी स्वतः एका मित्राची दोन आसनी, उघड्या टपाची गाडी आठ दिवस रोजच्या कामासाठी वापरली आहे. पहिल्या दिवशी मी विनाकारण लांबच्या रस्त्याने गेलो. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि टपाच्या शिवणीतून एक थेंब नेमका डाव्या गुडघ्यावर पडत राहिला. पाचव्या दिवशी कार्यालयातल्या दोघांना सोडायचे होते, तेव्हा कोणाला नाही म्हणायचे हे ठरवताना माझी पंचाईत झाली. सातव्या दिवशी तिच्यात वाकून बसताना मी कण्हल्याचे मलाच ऐकू आले. आणि आठव्या दिवशी, गाडी परत करायला निघालो असताना, मी पुन्हा लांबच्याच रस्त्याने गेलो.

म्हणून माझा सल्ला असा की गाडी घेण्यापूर्वी ती आठवडाभर भाड्याने किंवा उसनी मिळवावी, आणि रविवारच्या मोकळ्या सकाळी तिची परीक्षा न घेता सोमवारी, पावसात, कार्यालयाच्या वेळेला घ्यावी. त्यानंतरही ती रोज हवीशी वाटली तर खुशाल घ्यावी. हॅचबॅक मात्र वर्षभर तरी विकू नये.

प्रश्न : रोज तासभर गाड्यांच्या रांगेत मुंगीच्या पावलाने सरकावे लागते. डावा पाय क्लचमुळे दुखतो. स्वयंचलित गियरची गाडी घ्यायची आहे, पण त्यातही चार प्रकार सांगितले जातात. कोणता निवडावा?

उत्तर : आपण ‘सरकावे लागते’ असे लिहिले आहे, आणि निवडही त्या एका शब्दावरच करता येते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गियरबॉक्समध्ये इंजिन आणि गियर यांच्यात तेल असते. गाडी थांबली तरी इंजिन ते तेल घुसळत राहते, कोणतीही तबकडी घासली जात नाही, त्यामुळे तासभर सरकण्याचे काम तो सर्वांत शांतपणे करतो. सीव्हीटीमध्ये पायऱ्या नसतात. दोन पुल्या आणि त्यांच्यावरचा पट्टा यांच्या साह्याने गियरचे प्रमाण अखंड बदलत जाते. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ साली हा प्रकार रबरी पट्टे वापरून रस्त्यावरच्या गाडीत आणला. गंमत म्हणजे ती गाडी जेवढ्या वेगाने पुढे जाई तेवढ्याच वेगाने मागेही जाऊ शके. आजचे पट्टे धातूचे असतात आणि गर्दीत सीव्हीटी गुळगुळीत चालते. फक्त अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की आधी इंजिनाचा आवाज चढतो आणि मग वेग येतो, ते काहींना रबर ताणल्यासारखे वाटते.

दुहेरी क्लचचा गियरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर अतिशय चपळ आहे, कारण पुढचा गियर आधीच लावून तयार ठेवलेला असतो. पण त्याचा क्लच कोरडा असेल, तर सरकताना तो पुनःपुन्हा अर्धवट घासून तापतो. असा गियरबॉक्स असलेल्यांनी पुढच्या गाडीमागे वीतभर वीतभर सरकण्याऐवजी गाडीभर अंतर पडू द्यावे आणि मग ते एकदम पार करावे. चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याची सवय असल्यास ती आधी सोडावी. चौथा प्रकार एएमटीचा, म्हणजे नेहमीचाच हाताने बदलायचा गियरबॉक्स, ज्याचा क्लच आपल्या पायाऐवजी आणि गियर आपल्या हाताऐवजी यंत्र हाताळते. तो साधा आणि मायलेजला चांगला, पण गियर बदलताना मान किंचित पुढे जाते. आपल्या पायाचे आणि आपल्या रस्त्याचे जे वर्णन आपण केले आहे, त्यावरून मी टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी निवडीन.

प्रश्न : माझ्या आजोबांकडे फोक्सवॅगन बीटल होती. तशीच, साठच्या दशकातली, नीट केलेली एक बीटल मला मिळते आहे. मी एकटीच राहते, प्रवास थोडा आहे. तिलाच रोजची गाडी करता येईल का?

उत्तर : बीटलच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ तरी आहे. तिचा शेवटचा नग मेक्सिकोतील पुएब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी बाहेर पडला, तोपर्यंत २,१५,२९,४६४ गाड्या तयार झाल्या होत्या. एवढ्या मोठ्या कुळातल्या गाडीचे सुटे भाग आजही मिळतात. इंजिन हवेने थंड होणारे असल्यामुळे रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, त्यांच्या नळ्या नाहीत, आणि म्हणून त्या नळ्या फुटण्याचा प्रश्नही नाही. पाना-पक्कड घेऊन बसणाऱ्या माणसाला ही गाडी शाळेसारखी आहे.

पण ती विद्यार्थी मागते, हे लक्षात ठेवावे. साधारण दर ५,००० किलोमीटरला इंजिन पूर्ण गार असताना व्हॉल्व्हमधले अंतर फीलर गेजने, म्हणजे पातळ पट्ट्यांच्या मापाने, मोजून ०.१५ मिलिमीटरवर आणावे लागते. सर्वांत आधी मी आपल्याला इंजिनाजवळची पेट्रोलची नळी पाहायला सांगेन. ती सुतळीच्या विणीची, करड्या रंगाची असते. टॉर्चच्या उजेडात ती हळूच वाकवून पाहावी. विणीखालचे रबर भेगाळलेले दिसले, किंवा बोटांना पेट्रोलचा नुसता वास लागला, तरी गाडी सुरू न करता ती नळी बदलावी. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात जुने रबर लवकर खराब होते, म्हणून नवी नळी त्या पेट्रोलासाठी बनवलेलीच घ्यावी. मागच्या बाजूच्या इंजिनाला लागलेल्या आगीत गेलेल्या बीटल थोड्या नाहीत, आणि एवढ्याशा नळीपायी आजोबांची आठवण जळून जाऊ नये.

माझा खरा आक्षेप आजूबाजूच्या गाड्यांमुळे आहे. आपल्या पुढे चाललेल्या आजच्या गाडीला चारही चाकांना नाही तरी पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक असतात, आणि चाके जाम होऊ न देणारी एबीएस असते, जिच्या आजच्या रूपाची सुरुवात १९७८ साली मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासपासून झाली. साठच्या दशकातल्या बहुतेक बीटलना चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, जे लागोपाठ वापरले की तापून ढिले पडतात. वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते. ती सगळी त्या चार ड्रमांना गिळायची असते. पुढचा वाहनचालक जेथे थांबतो तेथे आपण थांबू शकत नाही, आणि थांबला नाहीत तर समोरचा पत्रा आजच्या गाड्यांप्रमाणे ठरवून चुरगळत जाऊन धक्का शोषून घेईल अशा रचनेचा नाही. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ साली आणला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांना खुले केले, परंतु त्या काळातल्या कित्येक गाड्यांत तो नाही. आपण बीटल घेणार असाल तर हा पट्टा जाणकाराकडून बसवून घेणे ही माझी पहिली अट राहील.

आठवड्यातून दोनदा, उजेडात, कमी वेगाच्या रस्त्यांवर ती जरूर चालवावी. एकमेव गाडी म्हणून घेऊ नये.

प्रश्न : आम्ही चौघे. मुलांची शाळा, बाजार आणि वर्षातून एक-दोन लांबचे प्रवास. मला उंच, दणकट, चारही चाकांना शक्ती असलेली मोठी गाडी हवी आहे, कारण ती सुरक्षित असते. पत्नीला साधी सेडान पुरेशी वाटते.

उत्तर : ‘कारण ती सुरक्षित असते’ हे शब्द आपण काढून टाकले असते, तर मी आपल्या बाजूने उभा राहिलो असतो. अशी गाडी आवडणे यात गैर काहीच नाही. लँड रोव्हर १९४८ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात आली, तेव्हा युद्धानंतर पोलादाची टंचाई असल्यामुळे तिचे अंग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले होते. १९७० सालच्या पहिल्या सुझुकी जिम्नीचे इंजिन अवघे ३५९ सीसीचे होते आणि तरीही ती चिखलातून वर येत असे. या गाड्यांकडे पाहून कोणाच्याही मनात आडवाटा येतात. पण गेल्या वर्षात आपण डांबर सोडून किती वेळा उतरलात, हे एकदा मोजावे.

सुरक्षिततेविषयी एक गैरसमज फार खोल गेला आहे, म्हणून तो येथे स्पष्ट करतो. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळाल्याने गाडी निसरड्या जागेवरून पुढे निघते. ती लवकर थांबत नाही. ब्रेक तर प्रत्येकच गाडीत चारही चाकांना लागतात. ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर टायरच्या पकडीवर अवलंबून असते, आणि जी गाडी निघताना घसरत नाही तिच्या चालकाला रस्ता किती ओला आहे हे ब्रेक लावेपर्यंत कळत नाही. उंच गाडीचा गुरुत्वमध्यही उंच असतो, त्यामुळे अचानक वळवण्याच्या प्रसंगी ती अधिक कलते. आणि बॉनेट जितके उंच, तितका त्याच्या पुढचा न दिसणारा पट्टा लांब. शाळेच्या दारात त्या पट्ट्यात नेमकी मुलेच असतात. गाडी उभी करून तिच्यापुढे आपल्या धाकट्याला उभे करावे आणि चालकाच्या आसनावरून तो किती पावले मागे गेल्यावर दिसतो हे पाहावे. पत्नीलाही त्या आसनावर बसवावे, म्हणजे पुढची चर्चा सोपी होईल.

प्रश्न : माझ्या खोलीत मॅक्लारेन एफ-१ चे चित्र लावले आहे. वडिलांची विजेवर चालणारी कुटुंबाची गाडी तिच्याएवढीच वेगाने सुटते, असे मित्र म्हणतात. मग ते चित्र काढून टाकावे का?

उत्तर : काढू नये. मित्रांचे म्हणणे मात्र खोटे नाही. मॅक्लारेन एफ-१ शून्यापासून ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर, हा वेग ३.२ सेकंदांत गाठत असे, आणि आज टेस्ला मॉडेल ३ ची वेगवान आवृत्ती त्याच्या अगदी जवळ जाते. पेट्रोलच्या इंजिनाला पूर्ण जोर येण्यासाठी फेरे चढावे लागतात; विजेची मोटर जवळजवळ पहिल्या फेऱ्यापासूनच सगळा जोर देते, त्यात गियर बदलायचे नसतात. या एका गोष्टीने सेकंदांच्या शर्यतीतली सगळी चुरस संपवली आहे, आणि मला त्याचे फारसे दुःख नाही.

आता चित्राकडे पुन्हा पाहा. चालकाचे आसन मधोमध आहे आणि दोन्ही बाजूंना किंचित मागे एकेक प्रवासी बसतो. इंजिनाच्या खोलीला आतून सोन्याचा वर्ख लावला आहे, कारण सोने उष्णता उत्तम परावर्तित करते; गाडीचे रचनाकार गॉर्डन मरी यांनी तो दिखाव्यासाठी वापरला नव्हता. अशा गाड्या, शर्यतीच्या आणि चाचणीच्या धरून, फक्त १०६ झाल्या, आणि १९९८ साली त्यांपैकी एकीने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला, तोही टर्बोच्या मदतीशिवाय. आपण ते चित्र ३.२ या आकड्यासाठी लावले नव्हते, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : सेवानिवृत्तीनंतर हौसेची गाडी घेतली. ती झाकून ठेवतो, दर रविवारी दहा मिनिटे जागच्या जागी सुरू करतो आणि बंद करतो. तरीही दोन वर्षांत बॅटरी गेली, ब्रेक कुरकुरतात. काय चुकते आहे?

उत्तर : ती दहा मिनिटेच चुकत आहेत. इंजिन जळणातून पाण्याची वाफ तयार करते. गाडी रस्त्यावर चांगली तापली की ही वाफ उडून जाते. जागच्या जागी थोडा वेळ चालवून बंद केले, तर ती इंजिनाच्या तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते. सुरू करताना स्टार्टरने बॅटरीतून जेवढे काढले, तेवढेही संथ चालणारे इंजिन दहा मिनिटांत धड भरून देत नाही. म्हणजे दर रविवारी आपण बॅटरी थोडी रिकामी करत आणि सायलेन्सर आतून थोडा ओला करत आलात. त्याऐवजी पंधरा दिवसांतून एकदा तिला अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणावी. पहिल्या चार-सहा ब्रेकमध्ये डिस्कवरचा गंज घासून निघेल आणि कुरकुरही थांबेल. ते शक्य नसेल तेव्हा सुरूच करू नये आणि बॅटरीला देखभालीचा छोटा चार्जर लावून ठेवावा.

दोन गोष्टी वर्षांवर मोजाव्या लागतात, किलोमीटरवर नाही. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून गाडी अजिबात न चालवताही साधारण दोन वर्षांनी बदलावे. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी नवीकोरी दिसत असली तरी रबर वयाने कडक होते आणि ओल्यात पकड सोडते. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडून चाकाला लाकडी पाचर लावावी, नाहीतर ब्रेक चिकटतात. झाकण घालण्यापूर्वी एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केले नाही ना, हेही पाहून घ्यावे. हौसेच्या गाड्यांचे ते नियमित रहिवासी आहेत.

प्रश्न : आपण सर्वांना सल्ले देता. आपण स्वतः कोणती गाडी चालवता, आणि कोणती हवी आहे?

उत्तर : मी टोयोटा कोरोला चालवतो, आणि ती कोणत्या रंगाची आहे हे माझ्या शेजाऱ्यांनाही पटकन सांगता येणार नाही. हे नाव १९६६ पासून चालू आहे आणि त्या नावाच्या पाच कोटींहून अधिक गाड्या विकल्या गेल्या आहेत. तेल आणि फिल्टर वेळेवर बदलण्यापलीकडे तिने माझ्याकडून काही मागितलेले नाही.

हवी आहे ती सिट्रोएन २सीव्ही, तीही सुरुवातीच्या वर्षांतली. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न्यावी आणि एकही अंडे फुटू नये, अशी गाडी करा, असे कंपनीचे प्रमुख पिएर-जूल बुलांजे यांनी आपल्या अभियंत्यांना सांगितले होते. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती आली तेव्हा तिच्या दोन सिलिंडरच्या, ३७५ सीसीच्या इंजिनाची शक्ती ९ अश्वशक्ती होती. वर पहिल्या उत्तरात मांडलेला हिशोब पाहिला, तर ताशी ५० किलोमीटरने जाण्यासाठी एवढी शक्ती पुरून उरते, हे लक्षात येईल. पुढचे आणि मागचे चाक एकाच स्प्रिंगच्या नळकांड्याला जोडलेले असल्यामुळे ती खड्ड्यावरून होडीसारखी डुलत जाते आणि वळणावर दाराच्या कडीपर्यंत कलते, पण सहसा उलटत नाही. काचेवरचे वायपर त्या काळी स्पीडोमीटरच्या तारेवर चालत, त्यामुळे गाडी जोरात तर वायपर जोरात आणि गाडी सावकाश तर वायपरही सावकाश. भर पावसात चढावर ती रांगू लागली की काच दिसेनाशी होई, आणि मग चालक एका हाताने स्टेअरिंग धरून दुसऱ्या हाताने आतली खुंटी फिरवत वायपर हलवत असे.